गाडी चालू होती

सकाळी सातला मंदाबाईने पडवीतल्या गिरणीचं बटण दाबलं आणि पट्टा सरसरत फिरू लागला. रोजचाच दिवस होता. कुणी गहू घेऊन आलं, कुणी दादर ज्वारी. आमोदखेडे गावात दोन गिरण्या, पण मंदाबाईचं पीठ बारीक आणि तिचा हात सरळ. दळणाआधी ती गिरणीच्या दगडी पाळ्यातलं जुनं पीठ झटकून घ्यायची, म्हणून बायका तिच्याकडेच यायच्या. नाल्यापलीकडच्या भिलाटीतल्या बायकाही यायच्या. भिल्लांची चाळीसेक घरं होती तिथे. त्या बायका डबे रांगेत लावून बाहेर भिंतीशी बसत आणि दळण झालं की हाक मारावी लागे.

गेले पंधरा दिवस भिंतीशी कुणी बसत नव्हतं.

कारण साधं होतं. भिलाटीच्या पोरांनी बसथांब्याजवळ ‘वीर एकलव्य चौक’ अशी पाटी लावली. पाटी लावायची परवानगी त्यांनी ग्रामपंचायतीकडे तीनदा मागितली होती आणि तिन्ही वेळा त्यांना पुढच्या महिन्यात या असं सांगितलं गेलं होतं. पाटी लागली त्याच संध्याकाळी गावातल्या पोरांनी ती उपटून नाल्यात टाकली. मग दगड आले, काठ्या आल्या. दोन्हीकडची डोकी फुटली. भिलाटीच्या लोकांनी शिंदखेड्याला जाऊन फिर्याद दिली आणि गावातल्या पाच पोरांना पोलिसांनी नेलं.

त्याच रात्री मारुतीच्या पारावर बैठक बसली. नथ्थूनाना बोलले. सत्तरीचे, पंचवीस वर्षं सोसायटीचे चेअरमन राहिलेले, गावातला शेवटचा शब्द त्यांचा.

“आपन कोनाले मारानं नही, शिवी देवानी नही,” नाना शांतपणे म्हणाले. “फक्त यवहार बंद. काम नही, दयन नही, दूध नही, गाडी नही. आपला बांधवरून त्यासना पाय पडाले नको. आनि गावमाईन जो त्यासले देई, त्याना घरना लगीनमा गाव जावाव नही.”

अशा बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, हे नानांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून कागदावर एक अक्षर नव्हतं. सगळं तोंडी.

शेवटचं वाक्य बोलताना नानांनी कुणाकडे पाहिलं नाही. पण घरी आल्यावर मंदाबाईच्या नवऱ्याने, अभिमनने, ते जसंच्या तसं तिला सांगितलं. त्यांच्या मुलीचं, मोनालीचं लग्न ठरलं होतं. मुलगा पारोळ्याचा, शिकलेला, घरचं वावर असलेला. तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त. पत्रिकाही छापून आल्या होत्या.

“आपले काय करनं शे?” मंदाबाई म्हणाली. “गाव म्हनी तसं.”

अभिमनने मान हलवली. तो मुळात भांडखोर नव्हता. दाराशी उभी असलेली जीप हाच त्याचा धंदा. शिंदखेडा, नरडाणा, कधी धुळे, अशा फेऱ्या मारायचा. भिलाटीतली माणसं त्याच्याच जीपमधून बाजाराला जायची. मागच्या बाजूला उभी राहून.

*

त्या सकाळनंतर पाच-सहा दिवसांनी बेबाबाई दळण घेऊन आली.

बेबाबाई म्हणजे भिलाटीतल्या पुनाची बायको. मंदाबाई लग्न होऊन या गावात आली त्या वर्षापासून तिच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला येणारी. तीस वर्षं दोघी एका ओळीत वाकून वेचत आल्या होत्या. मंदाबाईला कापूस वेचताना बोंडाचे काटे बोटात जायचे. बेबाबाईने तिला बोंडाला खालून धरायला शिकवलं होतं.

“अक्का, थोडीशी बाजरी शे,” बेबाबाई म्हणाली. ती पायरीच्या खालीच उभी होती. “घरमा पीठ सरी गयं. दयी द्या ना.”

मंदाबाईच्या भुवयांवर, पदरावर ताजं पीठ होतं. गिरणी आत्ताच बंद केलेली, पाळं अजून गरम. समोरच्या ओट्यावर नानांची सून भाजी निवडत बसली होती आणि तिची मान इकडेच वळलेली होती.

“पट्टा तुटेल शे वं, बेबा,” मंदाबाई म्हणाली.

बेबाबाईने तिच्या भुवयांकडे पाहिलं. मग म्हणाली, “बरं माय.” डबा डोक्यावर घेतला आणि निघाली. बाजरी दळायला ती कोसभर चालत शेजारच्या गावी गेली, असं मंदाबाईच्या नंतर कानावर आलं.

त्या दिवशी मंदाबाईला जेवण गेलं नाही असं म्हणावं, तर ते खोटं ठरेल. ती जेवली. मोनालीच्या साड्यांना फॉल लावायचे होते, ते लावत बसली. माणसाला पहिलं खोटं फार जड जात नाही. आपण काही मारलं नाही, शिवी दिली नाही, असं मनाला सांगता येतं.

*

दसरा होऊन गेला होता. भर दुपारची वेळ. अभिमन जेवून हात धूत होता आणि मंदाबाई ताटं उचलत होती. पुना धावत अंगणात आला. पायात चप्पल नव्हती, छाती भात्यासारखी हलत होती.

“आबा! बेबाले नाग डसना! गाडी काढा!”

पुढचं त्याने तुटक तुटक सांगितलं. बांधावरून जायला बंदी, म्हणून बेबाबाई बकऱ्यांसाठी गवत कापायला नाल्यातल्या काट्याकुट्यातून गेली होती. तिथे पायाला डसला. सरकारी अँब्युलन्सला फोन लावला, पण ती दुसरा पेशंट घेऊन धुळ्याला गेलेली. परत यायला तास लागणार होता. भिलाटीतले मोटारसायकलवाले गावात काम मिळेना म्हणून नरडाण्याला मजुरीला गेले होते. वस्तीत म्हातारी माणसं, बाया आणि लेकरं, एवढीच उरली होती.

“तिना डोया मिटी ऱ्हायनात, आबा. पाय पडस तुम्हना. लवकर चला.”

अभिमनचा हात खुंटीकडे गेला. जीपची चावी तिथे टांगलेली असायची. त्याची बोटं चावीला लागलीसुद्धा. आणि त्याने वळून बायकोकडे पाहिलं.

त्या एका क्षणात मंदाबाईने काय काय पाहिलं, हे तिला पुढे अनेकदा आठवलं. समोरच्या ओट्यावर नानांची सून उभी राहिली होती. कोनाड्यात हळद लावलेल्या पत्रिकांचा गठ्ठा होता. आत मोनाली केस विंचरत होती. रिकामा मांडव मंदाबाईला दिसला. पारोळ्याचे पाहुणे उतरलेत आणि गावचं एक माणूस नाही, हेही दिसलं. बेबाबाई मात्र दिसली नाही. तेवढं एक दिसायला हवं होतं.

“गाडी बंद शे ना,” मंदाबाई म्हणाली. “बॅटरी उतरी गयी. सकायपासून चालू व्हत नही.”

अभिमनचा हात चावीवरून खाली आला.

पुनाने जीपकडे पाहिलं. सकाळी शाळेतल्या मास्तरांना घेऊन हीच जीप स्टेशनला जाऊन आली होती. भिलाटीच्या कडेनेच गेली होती, धूळ उडवत. त्याने हात जोडले, ते तसेच राहिले, आणि मग तो मागे वळून पळाला.

पाऊण तासाने एक मोटारसायकल मिळाली. मध्ये बेबाबाई, मागे तिला धरून बसलेली तिची मुलगी रत्ना. रत्ना धुळ्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुट्टीला घरी आली होती. आईचा श्वास कधी अडखळला, कधी थांबला, हे तिला शिकलेलं असल्यामुळे नेमकं कळलं. शिंदखेडा चार किलोमीटरवर असताना तिने मोटारसायकल थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला आईला आडवं करून ती छाती दाबत राहिली. येणारे-जाणारे थांबून पाहत होते. मग तिने हात काढून घेतले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदावर वेळ लिहिली आणि म्हणाले, “अर्धा तास आधी आणलं असतं तर...” हे वाक्य मात्र त्यांनी कागदावर लिहिलं नाही.

*

रत्नाने फिर्याद दिली. त्यात बांधावरची बंदी होती, दळण होतं, आणि अभिमनची जीप होती.

दुसऱ्याच दिवशी नथ्थूनाना स्वतः अभिमनच्या घरी आले. चहा प्याले. खिशातून एक बिल काढून ठेवलं. बसथांब्यावरच्या मेकॅनिकचं, बॅटरी बदलल्याचं, घटनेच्या दुसऱ्या दिवसाच्या तारखेचं.

“बाई मरी गयी, वाईट व्हयनं,” नाना म्हणाले. “पन सापना इलाज कोनाकडे शे? गाडी बंद व्हती. बठ्ठं गाव हाईच सांगी. तुम्ही बी हाईच सांगानं.” जाताना त्यांनी मोनालीच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरनं लगीन धूमधडाकामा करू.”

मंदाबाईने ते बिल डब्यात ठेवलं. त्यावर अभिमनचं नाव होतं. खोटं ती बोलली होती, पण बिलावर तिचं नाव कुठेच नव्हतं. त्या रात्रीपासून तिची झोप गेली. डोळा लागला की पुनाचे जोडलेले हात दिसायचे, आणि ते खाली येतच नसत.

“आपन खरं सांगी टाकू,” तिने एकदा अंधारात म्हटलं.

“आनि पोर?” अभिमन म्हणाला. तोही जागाच होता.

*

बाराव्या दिवशी ग्रामपंचायतीच्या सभागृहात शांतता समितीची बैठक झाली. तालुक्याचे अधिकारी आले, फौजदार आले, वार्ताहर आले. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला भिलाटी, मध्ये हिरवं जाजम. बायकांना मागे बसवलं होतं. टेबलावर गुलाबाची फुलं तयार होती.

एकामागून एक भाषणं झाली. आपलं गाव म्हणजे एक कुटुंब. बाहेरच्यांनी विष कालवलं. गैरसमजातून कटुता आली. झालं गेलं विसरून सगळं पहिल्यासारखं व्हावं. ‘पहिल्यासारखं’ हा शब्द प्रत्येकाच्या भाषणात होता. मग नथ्थूनाना उठले, पुनाकडे गेले, त्याला उठवून मिठी मारली. कॅमेरे चमकले. पुनाचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते; फोटोत ते दिसत नाहीत.

“पुनाभाऊ, तुम्ही दोन शब्द बोला,” अधिकारी म्हणाले.

पुना उभाच होता. हातात कुणीतरी दिलेलं गुलाबाचं फूल.

“साहेब, हाई बठ्ठा म्हनी ऱ्हायनात, पहिलेसारखं व्हवाले पाहिजे,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “पहिले कसं व्हतं, ते सांगू का? मनी बाई तीस वरीस यासना वावरमा राबनी. तिना चहाना कप गोठामा टांगेल ऱ्हाये. तिनीच धवाना, तिनीच टांगाना. गाडीमा आम्ही उभं ऱ्हावानं, सीट रिकामी ऱ्हायनी तरी. ते बी आम्ही गोडीगुलाबीच समजूत. साहेब, माले पहिलेसारखं नको.”

सभागृहात चुळबुळ झाली. मागे बसलेल्या मंदाबाईला आपल्या गोठ्यातली ती खुंटी दिसली. तो कप ती रोज पाहत होती. अजून तो तिथेच होता. तीस वर्षांत तिला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. उलट, आपण चहा देतो, बाकीचे तेही देत नाहीत, असाच तिचा अभिमान होता.

“हे बघा, जुनं उकरून काढू नका,” अधिकारी घाईने म्हणाले. “आणि ती गाडीची गोष्ट. अभिमनराव, गाडी बंद होती ना तुमची?”

अभिमन उठला. “हो साहेब. बॅटरी उतरली होती. बिल आहे.”

“झालं तर मग. म्हणजे गैरसमजच. तसं लिहून घेऊ, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊ.”

कागद पुढे सरकला. पुनाच्या हाती पेन देण्यात आलं. रत्ना त्याच्या कानात काहीतरी तातडीने बोलत होती, पण फौजदार तिला “पोरी, मोठ्यांना बोलू दे” म्हणाले. पुनाने पेन धरलं.

“गाडी चालू व्हती.”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मंदाबाई उभी होती. तिने आधाराला पुढच्या बाईचा खांदा धरला होता. त्या बाईने खांदा काढून घेतला.

“वहिनी, बसा,” फौजदार म्हणाले.

“गाडी चालू व्हती, साहेब. बॅटरीले काही व्हयेल नव्हतं. बिल खोटं शे. आमना मालकनी चावीले हात लाया व्हता. मीच सांगं का बंद शे. पोरना लगीनले गाव येवाव नही, हाई भेवमा सांगं.” तिने श्वास घेतला. “आनि नानानी सांगेल व्हतं, जो गाडी देई त्याले वाळीत टाकू. पारवर सांगेल व्हतं. आठे बसेल शेतस ना बठ्ठा? सांगा, नव्हतं सांगेल?”

कुणी बोललं नाही. शंभर-सव्वाशे माणसं होती. अभिमनने मान खाली घातली होती. नथ्थूनाना हसले, समजुतीचं हसू.

“बाईना जीवले लागेल शे, साहेब. दोन्ही बाया एक वावरमा राबेल. डोकं ठिकानवर नही तिनं.”

अधिकाऱ्यांनी बैठक संपल्याचं जाहीर केलं.

*

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर फोटो आला. नथ्थूनाना आणि पुना मिठीत. वर मथळा: आमोदखेड्यात सलोख्याचा गुलाब. मंदाबाईच्या बोलण्याचा एक शब्दही बातमीत नव्हता.

त्या दिवसापासून मंदाबाईची गिरणी बंद पडली. म्हणजे गिरणी चालू होती, दळायला कुणी येत नव्हतं. गावातलं येत नव्हतं ते समजण्यासारखं होतं. भिलाटीतलंही कुणी आलं नाही. मंदाबाई एकदा स्वतः नाला ओलांडून गेली आणि पुनाच्या दाराशी उभी राहिली. “दयन आना, मी दयी दिसू,” एवढंच तिला सुचलं. पुना बकऱ्यांना पाला टाकत होता. त्याने मान वर केली नाही.

“आम्हले सवय व्हयी गयी चालानी,” तो म्हणाला.

ती तशीच परत आली. घरी येऊन गोठ्यातला कप काढला आणि उकिरड्यावर फोडला. फोडून काही होत नाही, हेही तिला फोडताना कळलं.

मोनालीचं लग्न मोडलं नाही. पारोळ्याच्या पाहुण्यांनी निरोप पाठवला: मुलगी आम्हाला पसंत आहे, लग्न आमच्या दारी करू. मात्र मुलीच्या आईने येऊ नये. गावचे मोठे लोक येतील, त्यांचा मान राहिला पाहिजे. अभिमनने तो निरोप सांगितला तेव्हा मंदाबाई भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

“पोरले इचारं?” तिने विचारलं.

“ती हो म्हनस.”

कन्यादानाला काका-काकू बसले. त्या दिवशी मंदाबाई घरात एकटी होती. दुपारी बाराच्या मुहूर्ताला तिने मुठीत अक्षता घेतल्या, घड्याळाकडे पाहिलं, आणि पारोळ्याच्या दिशेच्या भिंतीवर टाकल्या. मग झाडू घेऊन त्या गोळा केल्या.

*

पुरवणी जबाब द्यायला ती शिंदखेड्याला तीनदा गेली. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर होते. दुसऱ्यांदा लिहिणारा हवालदार रजेवर. तिसऱ्यांदा तिला समजावण्यात आलं: बाई, नवरा आत जाईल, संसार मोडेल, विचार करा. चौथ्यांदा ती गेली तेव्हा ठाण्याच्या दारात रत्ना उभी होती. धुळ्याहून आली होती, कॉलेजच्या पांढऱ्या कपड्यातच. तिने कुणाकुणाला फोन केले होते कोण जाणे, पण त्या दिवशी साहेब खुर्चीत होते आणि हवालदारासमोर कागद होता.

लिहून झाल्यावर हवालदाराने जबाब वाचून दाखवला. “...गाडी नादुरुस्त आहे असे समजून पुना यांस नकार दिला...”

“समजून नाही,” रत्ना मध्येच म्हणाली. “माहीत असून. बाई, तुम्ही काय सांगितलं?”

“माहीत असून,” मंदाबाई म्हणाली. “तेच लिहा.”

हवालदाराने त्रासून खोडलं, वर लिहिलं. “साक्षीदार म्हणून सही करा इथं.”

“साक्षीदार कशी?” मंदाबाई म्हणाली. “गाडी मी अडवली. मालकाच्या नावाच्या आधी माझं नाव लिहा. जिथं गुन्हेगाराचं लिहितात तिथं.”

हवालदाराने साहेबांकडे पाहिलं. साहेब बराच वेळ कागद चाळत बसले, मग म्हणाले, “लिहा.”

सही करून दोघी बाहेर आल्या. ऊन टळटळीत होतं. मंदाबाईने रत्नाकडे पाहिलं. नाक आईचं होतं, उभं राहण्याची ढबही. काहीतरी बोलावं म्हणून ती पुढे झाली.

“बोलू नका,” रत्ना म्हणाली. मग शहरातलं सोडून घरच्या बोलीत, सावकाश, एकेक शब्द: “बैठक व्हयनी तव्हयपासून माले बठ्ठा सांगतस, मंदाबाई खरं बोलनी, मोठी बाई शे. तुम्ही खरं बोलन्यात ते बारा दिवस उशिरा. मनी मायले पाऊण तास पाहिजे व्हता.”

मंदाबाईने मान डोलावली.

“आते कोर्टमा तारीख लागी. वरीस लागी, दोन वरीस लागी. नाना येतीन, पोरनं सासर मधमा येई, तुमना मालक रडी. लोकं पलटतस. तुम्ही कोर्टमा उभ्या राहीसन हाईच बोलशात, तव्हय मी तुम्हले काकी म्हनसू. तोपावत नही.”

“नको म्हनू,” मंदाबाई म्हणाली.

रत्ना धुळ्याच्या गाडीकडे गेली. मंदाबाई गावाच्या बसची वाट पाहत उभी राहिली.

तारीख अजून लागलेली नाही. नथ्थूनाना दर महिन्याला अभिमनकडे चहाला येतात आणि जाताना विचारतात, “बाईनं डोकं ठिकानवर उनं का?” ज्या शंभर-सव्वाशे जणांनी पारावरचा हुकूम कानांनी ऐकला होता, त्यांतल्या एकानेही अजून जबाब दिलेला नाही. आतल्या खोलीत बसून मंदाबाई डोकं ठिकाणावर आलं का, हा नानांचा प्रश्न ऐकते, आणि दर महिन्याला तीच बाहेर येऊन सांगते, “नही उनं, नाना. तारीख लागाले पाहिजे.”